संकल्पाची आणेवारी

सन १९१८ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशी असलेला तंटा आकड्यांत मांडावयाचा तर अवघ्या चार आण्यांचा होता. जमीनमहसुलाच्या नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी आले, तर त्या वर्षीच्या साऱ्याची वसुली तहकूब व्हावी असे मागण्याचा हक्क रयतेला होता. सरकारी दप्तरात पीक चार आण्यांच्या वर भरत होते आणि शेतकऱ्यांच्या हिशेबाने ते चार आण्यांच्या आत होते. जमीन एकच, पाऊस एकच, खळ्यात पडलेली रासही एकच. परंतु सोळा आणे, म्हणजे पूर्ण, पीक कशाला म्हणावयाचे आणि उभ्या पिकाचा अंदाज कोणाच्या नजरेने घ्यावयाचा, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत अंतर पडताच एका कागदावर सारा भरण्याजोगे वर्ष उमटले आणि दुसऱ्यावर उपासमारीचे. पुढे आण्यांचे पैसे झाले, महाराष्ट्रात पीक अजमावण्याच्या या पद्धतीला, म्हणजे आणेवारीला, पैसेवारी म्हणू लागले, आणि आता गाव पन्नास पैशांच्या खाली गेले की वर राहिले यावर दुष्काळाच्या सवलती मिळतात किंवा हुकतात; पण मूळ प्रश्न शंभर वर्षांत तसूभरही बदललेला नाही. मोजमापाचा पाया जो ठरवितो, तोच बहुधा निकालही ठरवितो.

हरितगृह वायूंचे उत्सर्जन आटोक्यात आणण्यासाठी निरनिराळी राष्ट्रे जी लक्ष्ये जाहीर करतात, ती वाचताना मला या आणेवारीचे वारंवार स्मरण होते. १९९७ च्या क्योटो करारात धनिक राष्ट्रांवर उत्सर्जनकपातीचे बंधन घालण्याचा प्रयत्न झाला; अमेरिकेने त्याला अखेरपर्यंत मान्यता दिली नाही आणि कॅनडाने २०११ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. त्या अनुभवाने शहाणे होऊन डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे जो करार झाला, त्यात प्रत्येक राष्ट्राने आपला वाटा आपणच ठरवावा, तो लिहून द्यावा, आणि दर पाच वर्षांनी पूर्वीच्याहून पुढचे पाऊल टाकणारा नवा मसुदा सादर करावा, अशी योजना करण्यात आली. रयतवारीतील कबुलायतीशी, म्हणजे सारा भरण्याच्या लेखी कबुलीशी, या दस्तऐवजाचे बरेच साम्य आहे. फरक एवढाच की कबुलायतीतला सारा जमाबंदीचे खाते ठरवीत असे आणि तो थकला तर जप्ती येत असे, तर येथे आकारणी करणारा, ती कबूल करणारा आणि ती भरली किंवा नाही हे जाहीर करणारा पक्ष एकच आहे. अशा व्यवस्थेत लक्ष्याचे मूल्यमापन करण्याचे काम नागरिकाने केले नाही तर ते कोणीच करणार नाही. आणि म्हणून हा विषय तज्ज्ञांच्या परिषदांपुरता न ठेवता वर्तमानपत्राच्या वाचकाने आपल्या हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

पहिला प्रश्न पायाभूत वर्षाचा. क्योटो कराराने १९९० हे वर्ष पायाभूत धरले होते आणि रशियाने आपले उत्सर्जन त्या पातळीच्या वर जाऊ न देण्याचे कबूल केले होते. परंतु करारावर शाई उमटण्यापूर्वीच सोव्हिएत संघराज्य कोसळून तेथील कारखाने बंद पडले होते, आणि त्यामुळे एकही धुराडे मुद्दाम न विझविता रशियाचे उद्दिष्ट पार पडलेले होते. युरोपीय संघ आजही १९९० पासूनच मोजतो, आणि त्या मोजणीत पूर्व जर्मनीच्या जुनाट कारखान्यांच्या अस्ताचे श्रेय हवामानधोरणाच्या पदरात पडते. अमेरिकेने पॅरिस करारात २००५ हे वर्ष निवडले. त्या सुमारास तेथील उत्सर्जन शिखराला पोचलेले होते, आणि शिखरावरून मोजू लागले म्हणजे प्रत्येक उतार अधिक मोठा दिसतो. यांपैकी कोणी खोटे बोलले असे मी म्हणत नाही. परंतु सोळा आणे पीक कोणत्या सालचे धरले, हे विचारल्यावाचून कोणाच्याही टक्केवारीपुढे मान तुकविणे योग्य होणार नाही.

दुसरा प्रश्न मापाचा, आणि येथे आपण आपल्याच देशाच्या कबुलायतीकडे वळू. भारताने २०१५ मध्ये असे लिहून दिले की, २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाची उत्सर्जन-तीव्रता ३३ ते ३५ टक्क्यांनी घटवू; ऑगस्ट २०२२ मध्ये हाच आकडा ४५ टक्के करण्यात आला. तीव्रता म्हणजे एक रुपयाचे उत्पन्न निर्माण होताना हवेत जाणाऱ्या वायूंचे प्रमाण. एकूण उत्सर्जन हे त्याहून निराळे प्रकरण आहे. समजा, पंचवीस वर्षांत देशाचे उत्पन्न चौपट झाले आणि तीव्रता ४५ टक्क्यांनी उतरली, तर एकूण उत्सर्जन चारच्या ऐवजी दोन पूर्णांक दोन दशांश पट होईल. म्हणजे लक्ष्य शंभर टक्के गाठले आणि उत्सर्जन दुपटीहून अधिक झाले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य ठरतील. ज्या देशात अजून कोट्यवधी घरांना पंखा चालविण्यापलीकडे वीज परवडत नाही, ज्याचे दरडोई कर्बवायू उत्सर्जन सुमारे दोन टन, म्हणजे अमेरिकेच्या एक-सप्तमांशाच्या आसपास आहे, आणि औद्योगिक युगाच्या आरंभापासून साचलेल्या उत्सर्जनात ज्याचा वाटा लोकसंख्येच्या मानाने अत्यल्प आहे, त्याने हे माप निवडावे यात अन्याय्य असे काहीच नाही. वाढीचा हक्क राखून स्वच्छतेचे वचन देणारे ते माप आहे. मात्र ते माप कशाचे आहे आणि कशाचे नाही, हे लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

तिसरा प्रश्न वेगाचा. आणि माझ्या मते आकांक्षेची खरी कसोटी हीच. भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालाप्रमाणे २००५ ते २०१९ या चौदा वर्षांत आपली उत्सर्जन-तीव्रता ३३ टक्क्यांनी उतरली. साध्या त्रैराशिकाच्या थोडे पुढे जाऊन चक्रवाढीच्या रीतीने हिशेब केला तर ही घट दरसाल सुमारे २·८ टक्के पडते. आता ६७ वरून ५५ वर, म्हणजे ४५ टक्क्यांच्या लक्ष्यापर्यंत, २०३० च्या मुदतीत उतरण्यासाठी उरलेल्या अकरा वर्षांत दरसाल किती घट हवी? सुमारे १·८ टक्के. पूर्वीचाच वेग आपण नुसता टिकवून धरला, तरी २०३० मध्ये घट ५१ टक्क्यांच्या घरात जाईल. म्हणजे ज्याला आपण वाढीव लक्ष्य म्हणतो, ते आपल्या चालत्या पावलांहून मंद आहे. हाच अनुभव विजेच्या बाबतीतही आहे : स्थापित वीजक्षमतेचा ४० टक्के हिस्सा कोळसा-तेल-वायूविरहित करण्याचे २०३० सालचे उद्दिष्ट २०२१ मध्येच पुरे झाले, आणि त्याच सालासाठी ठरविलेले ५० टक्क्यांचे सुधारित उद्दिष्ट जून २०२५ मध्ये पुरे झाले.

या घटनेचा अर्थ दोन प्रकारांनी लावता येतो. एक असा की, आपल्या अभियंत्यांनी, कामगारांनी आणि प्रशासनाने अपेक्षेपेक्षा उत्तम काम केले. २०१० च्या सुमारास एका युनिटास दहा रुपयांहून महाग पडणारी सौर वीज २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे २ रुपये ४४ पैसे दराने देण्याची बोली लागली, या क्रांतीत आपल्या लिलावपद्धतीचा आणि उद्यमशीलतेचा वाटा निश्चितच आहे. दुसरा अर्थ असा की, मुळात दांडीच उंबरठ्याइतकी ठेवलेली होती. हे दोन्ही अर्थ खरे आहेत, आणि त्यांतील एकच पुढे करणाऱ्या स्तुतिपाठकापासून आणि निंदकापासून सारखेच सावध राहिले पाहिजे. माझे म्हणणे इतकेच आहे की, जे आपोआप घडणारच आहे त्याची प्रतिज्ञा करण्यात प्रतिज्ञेचे तेज नाही. लक्ष्याची किंमत ठरते ती त्याने आपल्याकडून मागितलेल्या अधिकाच्या पावलाने. ते पाऊल लहान असले तरी चालेल, गरीब देशाचे पाऊल लहानच असणार; परंतु ते असले पाहिजे.

येथेच शब्दांच्या काटेकोरपणाचाही उल्लेख केला पाहिजे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील जागतिक हवामान परिषदेत पंतप्रधानांनी पाच संकल्प जाहीर केले. त्यांत २०३० पर्यंत देशाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ५० टक्के गरज नवीकरणीय स्रोतांतून भागविण्याचा आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची स्थिती गाठण्याचा संकल्प होता. नऊ महिन्यांनी जो अधिकृत दस्तऐवज दाखल झाला, त्यात ‘ऊर्जेच्या गरजे’च्या जागी ‘विजेची स्थापित क्षमता’ आली. २०३० साठीची ५०० गिगावॅट अजीवाश्म क्षमता आणि एक अब्ज टन उत्सर्जनकपात हे भाषणातील दोन आकडे त्यात नव्हतेच. सामान्य वाचकाला हा शब्दच्छल वाटेल, पण अंतर जमीन-अस्मानाचे आहे. एक मेगावॅटचा सौर संच वर्षभरात आपल्या पूर्ण शक्तीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देतो, कारण रात्र आहे, ढग आहेत, पावसाळा आहे. आणि म्हणूनच निम्मी क्षमता स्वच्छ झाल्यानंतरही आपल्या घरात प्रत्यक्ष येणाऱ्या विजेपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक वीज अद्याप कोळशाचीच आहे. बैलांची दावण निम्मी भरली म्हणून निम्मी नांगरट झाली असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास दिवे लागतात त्या वेळी सूर्य मावळलेला असतो. त्या घटकेसाठी साठवण हवी, दूरच्या वीजवाहिन्या हव्यात, घाटघरला आहे तशी, वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणारी उदंचन केंद्रे हवीत. पुढची लक्ष्ये क्षमतेऐवजी प्रत्यक्ष पुरविलेल्या युनिटांत मांडली गेली, तर या कठीण कामाकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेधले जाईल.

आता खर्चाकडे. २०१५ च्या मसुद्यात भारताने २०३० पर्यंतच्या एकंदर खर्चाचा अंदाज किमान अडीच लाख कोटी डॉलर असा दिला होता. आकडा प्रचंड आहे, आणि प्रचंड आकड्यांचा दोष हा की, ते ऐकून मनुष्य एकतर दिपतो किंवा घाबरतो. विचार मात्र करीत नाही. ज्याच्या विहिरीवरची मोटर जळाली आहे, त्याला नवी मोटर घेणे प्राप्तच आहे. त्याने थोडी महाग पण कमी वीज खाणारी मोटर घेतली, तर त्याच्या सदिच्छेचा खर्च म्हणजे सबंध मोटरीची किंमत नसून दोन मोटरींच्या किमतींतला फरक होय, आणि त्यातूनही पुढील दहा वर्षांत वाचणारे वीजबिल वजा केले पाहिजे. वाढत्या देशाला वीजकेंद्रे, गिरण्या, रेल्वे आणि घरे बांधावयाचीच आहेत. तेव्हा लक्ष्याचा खर्च सांगताना सर्व बांधकामाची बेरीज पुढे ठेवणे हे धनिक राष्ट्रांकडून साहाय्य मागताना सोयीचे असेल, आणि केवळ वाचणाऱ्या पैशांचा उल्लेख करणे हे जनतेसमोर सोयीचे असेल. प्रामाणिक जमाखर्चात मात्र दोन्ही बाजू शेजारी-शेजारी लिहाव्या लागतात, आणि त्यांच्याखाली तिसरी एक नोंद करावी लागते : हा भार कोणाच्या नावे पडला?

या तिसऱ्या नोंदीची आपल्याकडे किती आबाळ झाली आहे, हे कोळशावरील उपकराच्या कहाणीवरून दिसून येईल. २०१० साली केंद्र सरकारने दर टन कोळशावर ५० रुपयांचा उपकर बसविला, तो वाढत वाढत २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला, आणि त्याच्या उत्पन्नातून स्वच्छ ऊर्जेसाठी राष्ट्रीय निधी उभारण्याचे ठरले. विचार अत्यंत सुसंगत होता : ज्या इंधनाने हवा मलिन होते, त्याच्याच करातून निर्मळ इंधनाचा मार्ग मोकळा करावा. परंतु सुमारे सात-आठ वर्षांत जे ८६ हजार कोटींहून अधिक रुपये वसूल झाले, त्यांपैकी ३० हजार कोटींहूनही कमी रक्कम त्या निधीत जमा झाली, आणि प्रत्यक्ष कामांवर तर त्याहूनही पुष्कळ कमी खर्च झाली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हा उपकर राज्यांच्या महसुली तुटीच्या भरपाईकडे वळविण्यात आला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द होऊन त्याच्या जागी कोळशावरील कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. या प्रत्येक निर्णयाला त्या त्या वेळी वित्तखात्याच्या दृष्टीने सबळ कारण असेलही. पण वीजबिलातून ज्याने हे पैसे दिले, त्या ग्राहकाला आपण स्वच्छ ऊर्जेसाठी काही दिले होते याची दाद नाही, आणि ज्या जिल्ह्यांतून तो कोळसा निघाला, त्यांच्या पदरात त्यातून काय पडले याचा ताळेबंद कोणी मांडलेला नाही.

असा एक जिल्हा आपल्याच राज्यात आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. मुंबई-पुण्यातील कितीतरी दिवे त्याच्या धुराड्यांवर पोसले गेले, आणि त्या धुराड्यांच्या सावलीतले शहर २००९ च्या केंद्रीय यादीत अतिप्रदूषित म्हणून नोंदले गेले. त्याच परिसरात, आणि यवतमाळच्या वणी व नागपूरच्या उमरेड भागांत, वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या (वेकोलिच्या) खाणी आहेत. त्या खाणींवर कायम नोकरीत असलेला कामगार आहे. त्याच्याहून किती तरी अनिश्चित जिणे जगणारा कंत्राटी मजूर आहे. ट्रकचालक, क्लीनर, टायर दुरुस्त करणारा, चहाची टपरी चालविणारा असा सबंध संसार आहे. कोळशावरील स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत येते. रेल्वेच्या मालवाहतुकीतील वजनाने सुमारे निम्मा माल कोळसा असतो, आणि मालवाहतुकीच्या नफ्यातूनच प्रवाशांचे भाडे कमी ठेवले जाते. म्हणजे नांदेडहून मुंबईला साध्या डब्यातून जाणाऱ्या गरीब प्रवाशाच्या तिकिटातही कोळशाचा हातभार आहे. ज्या दिवशी कोळसा उतरणीस लागेल, त्या दिवशी ही सर्व खाती एकदम उघडी पडतील.

जर्मनीने २०२० मध्ये कोळसा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा २०३८ पर्यंत कोळशाच्या प्रदेशांच्या पुनर्रचनेसाठी ४,००० कोटी युरोपर्यंतची तरतूद सोबत कायद्याने केली. आपल्यापाशी इतका पैसा नाही हे उघड आहे. परंतु खर्चाचा हा रकाना कागदावर काढून त्यावर प्रदेशांची नावे लिहिण्यास पैसा लागत नाही. त्याला लागते ती कबुली देण्याची इच्छा. चंद्रपूरच्या मुलाने आज आयटीआयमध्ये कोणता शिक्षणक्रम घ्यावा, हे ठरविण्यासाठी त्याला २०७० सालच्या संकल्पाचा काडीचाही उपयोग नाही. आपल्या गावाजवळचा कोणता संच कोणत्या साली बंद होणार आणि त्या जागी काय उभे राहणार, हे त्याला हवे आहे.

जमेच्या बाजूलाही इतक्याच तपशिलाने लिहिले पाहिजे, आणि तेथे लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. महाराष्ट्रातील शेतीपंपांना दीर्घकाळ रात्रीची वीज मिळत आली. थंडीच्या कडाक्यात, विंचूकाट्यांतून, आणि जुन्नर-संगमनेरकडे तर बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून शेतकरी मध्यरात्री दारे धरावयास जातो. सौर कृषिवाहिनीच्या योजनेखाली गावाजवळच्या पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालविण्याचा जो उपक्रम राज्यात हाती घेण्यात आला आहे, त्यात खाजगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळावयाचे आहे आणि दारे धरणाऱ्याला दिवसाची वीज. उत्सर्जनाच्या कोष्टकात या योजनेमुळे कमी झालेले टन दिसतील. परंतु रात्री घरी झोपलेला मनुष्य त्या कोष्टकात दिसणार नाही, आणि खरे पाहता तोच या संकल्पाचा सर्वांत मोठा लाभ आहे. तसेच पाण्याचे. २०१५ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते; औष्णिक संचाला थंड करण्यासाठी जे अपार पाणी लागते, ते ज्या मराठवाड्यात माणसांना टँकरने पुरवावे लागते, तेथे वाचलेल्या पाण्याची किंमत जमेच्या रकान्यात नको काय?

असा हिशेब करणे अशक्य आहे, असे म्हणण्याचा अधिकार निदान महाराष्ट्राला तरी नाही. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा या कालव्यांपासून होणाऱ्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून १९४८ साली पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे तिचा अहवाल प्रसिद्ध केला. कालव्याचा मोबदला केवळ पाणीपट्टीच्या वसुलीत शोधणाऱ्या सरकारी पद्धतीच्या पलीकडे जाऊन, पाणी आल्याने शेतकऱ्याच्या उत्पन्नात, मजुराच्या कामात आणि सभोवतालच्या व्यापारात काय फरक पडला, हे त्यांनी गावोगाव मोजविले. संगणक नव्हते, उपग्रह नव्हते. हाती प्रश्नावली घेऊन धुळीतून चालणारे तपासनीस होते. जे त्या काळी नगर जिल्ह्यात कालव्यांच्या बाबतीत करता आले, ते आज चंद्रपुरात खाणींच्या आणि धुळ्यात सौर प्रकल्पांच्या बाबतीत करता येणार नाही, हे मला पटत नाही.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो प्रामाणिक आहे आणि त्याचा आधारही मजबूत आहे. ज्या राष्ट्रांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून वैभव मिळविले, त्यांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे दिलेले वचन, म्हणजे गरीब राष्ट्रांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०,००० कोटी डॉलर उभे करण्याचे, दोन वर्षे उशिरा पाळले, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०,००० कोटी डॉलरचा आकडा भारताचा जाहीर विरोध असताना मंजूर करण्यात आला. अमेरिकेसारखे राष्ट्र पॅरिस करारातून बाहेर पडते, परत येते, पुन्हा बाहेर पडते. अशा स्थितीत आपणच आपली लक्ष्ये कठोर करून घेणे म्हणजे ऋणको मोकळा फिरत असता धनकोने आपल्याच पोटाला चिमटा काढणे नव्हे काय, असे अनेक विचारी माणसे विचारतात. त्यांच्या संतापात मी सहभागी आहे. पण निष्कर्ष मात्र मला उलट दिसतो. न्यायालयात ज्याची वहीखाती चोख असतात, त्याच्या दाव्याला वजन येते. आम्ही आमच्या ऐपतीने एवढे करणार, त्यातील इतके आपोआप झाले असते, इतके अधिकचे आहे, त्या अधिकाचा भार अमुक जिल्ह्यातील अमुक लोकांवर पडतो आहे, आणि याहून पुढचे पाऊल टाकण्यास इतकी रक्कम हवी, असा तपशीलवार दावा मांडणाऱ्या राष्ट्राला नाही म्हणताना समोरच्याची जीभ अडखळेल. एका गोल आकड्याची मागणी फेटाळणे मात्र फारच सोपे असते.

मग करावे काय? ब्रिटनने २००८ मध्ये हवामानबदलाचा कायदा करून सरकारपासून स्वतंत्र अशी एक तज्ज्ञ समिती स्थापन केली. तिने दर पाच वर्षांच्या उत्सर्जनाची मर्यादा सुचवावी, सरकार त्या मर्यादेत चालले आहे किंवा नाही याचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे ठेवावा, आणि सरकारला त्यास उत्तर देणे भाग पडावे, अशी ती व्यवस्था आहे. ब्रिटनची परिस्थिती निराळी आहे आणि त्याचे आकडे आपण घेण्याचे कारण नाही; पण आकारणी करणारा आणि तपासणी करणारा हे दोन असावेत, हे तत्त्व सर्वत्र सारखेच खरे आहे. आपल्याकडे अर्थव्यवहार तपासण्यासाठी घटनेने महालेखापरीक्षक नेमला आहे. हवेत जाणाऱ्या वायूंचा आणि त्यासाठी होणाऱ्या खर्चाचा हिशेब तपासणारी स्वतंत्र, कायद्याने संरक्षित संस्था आपण निर्माण करावी. तिचा अहवाल दरवर्षी लोकसभेपुढे आणि कोळशाच्या राज्यांत विधानसभेपुढे यावा. आणि त्या अहवालात चालता वेग, अधिकाचे पाऊल आणि भार उचलणाऱ्यांची नावनिशी हे तीन रकाने असल्यावाचून तो दप्तरी दाखल होऊ नये. पुढील दशकांची लक्ष्ये टक्क्याने थोडी कमी ठरली तरी चालतील, परंतु ती या तीन रकान्यांसह ठरावीत.

आणेवारीच्या जुन्या पद्धतीला कितीही दोष दिले, तरी कालांतराने तिच्यात एक सुधारणा झाली, तिची आठवण करून हा लेख संपवितो. आजही गावाची पैसेवारी प्रथम नजरअंदाजाने जाहीर होते. पण ती तेथे संपत नाही. शेतातील ठरावीक मापाचा तुकडा आखून त्यातले पीक कापतात, मळतात, वाळवितात आणि वजन करतात. त्यावरून सुधारित आणि मग अंतिम पैसेवारी ठरते, आणि ते काम पाहणाऱ्या गावच्या समितीत तलाठ्याबरोबर सरपंच असतो आणि शेतकरीही असतात. ज्याच्या शेताचे माप घ्यावयाचे, तो मापाच्या वेळी बांधावर उभा असतो. आपल्या राष्ट्रीय संकल्पांचा नजरअंदाज पॅरिस आणि ग्लासगो येथे झाला. आता कापणीचा प्रयोग व्हावयास हवा, आणि तो चंद्रपूरच्या खाणीवर, परळीच्या औष्णिक केंद्रावर, धुळ्याच्या सौर पट्ट्यावर, तेथील माणसांच्या देखत व्हावयास हवा. वजनकाटा त्यांना दिसला पाहिजे, आणि पंचनाम्यावर त्यांची सही असली पाहिजे.